प्रोफॉर्माच्या मागच्या पानावर

चीनच्या कायद्याला शिव्या घालणारे आमच्या जिल्ह्यातले व्यापारी भेटले की मी त्यांना पहिला प्रश्न विचारतो, कागदाच्या मागच्या पानावर काय लिहिलं होतं? उत्तर येत नाही. मागचं पान कुणी उलटलेलंच नसतं. धानाच्या एका बांधीचा सौदा करताना सातबारा, फेरफार, चतुःसीमा चारदा तपासणारा हा माणूस. परकीय चलनात लाखोंची रक्कम चीनला धाडताना मात्र दोन पानांचा कागद वाचत नाही. याला भोळेपणा म्हणायला मी तयार नाही. हा निव्वळ बेफिकीरपणा आहे, आणि आमच्या बँका, कर सल्लागार, व्यापारी संघटना, सरकारी कचेऱ्या आणि माझ्याच धंद्यातले वकील यांनी मिळून तो पोसला आहे.

भंडारा धानाचा जिल्हा. तुमसरपासून लाखनी-साकोलीपर्यंत राइस मिलचं जाळं आहे, आणि आज सॉर्टेक्सशिवाय मिल चालवणं अवघड झालं आहे. काळा, पिवळा, डागी दाणा कॅमेऱ्यानं टिपायचा आणि हवेच्या झोतानं बाजूला उडवायचा, हे त्या मशीनचं काम. सरकारी भरडाईचा तांदूळ असो की खुल्या बाजारातला, डागी दाणा जास्त निघाला की लॉट परत येतो. अशा मशीन बनवणाऱ्या कारखान्यांचं चीनमधलं मोठं केंद्र म्हणजे आन्हुई प्रांतातलं हफेई शहर. मधला दलाल टाळायचा म्हणून काही जण थेट तिथूनच माल मागवतात. त्यात काहीच गैर नाही. गैर आहे ती मागवण्याची तऱ्हा.

मोबाइलवर व्हिडिओ येतो, दर ठरतो, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस येतं. तीस टक्के आगाऊ, उरलेले सत्तर टक्के माल जहाजावर चढण्याआधी. म्हणजे मशीन न्हावा शेवाला उतरण्याआधीच सगळे पैसे विक्रेत्याच्या खात्यात गेलेले असतात. मशीन पावसाळ्यात येते, बसवली जाते, थोडा जुना तांदूळ टाकून फिरवून बघितली जाते. खरी परीक्षा दिवाळीनंतर, नवं धान आल्यावर. तेव्हा कळतं की डागी दाण्याबरोबर ती चांगला तांदूळही बाहेर फेकते. तक्रार केली की उत्तर येतं, तक्रारीची मुदत माल पोहोचल्यापासून सात दिवस होती, ती कधीच संपली. करार चीनच्या कायद्याखाली आहे. वाद असेल तर बीजिंगला या. माणसं वेगळी, रकमा वेगळ्या, पण माझ्यासमोर येणारी हकिकत हीच. आणि इथेच आमचा माणूस हातपाय गाळतो. चीनचा कायदा म्हणजे चिनी विक्रेत्याचा कायदा, असं त्यानं मनाशी धरलेलं असतं.

तो कायदा काय म्हणतो ते तरी बघा. चीनची दिवाणी संहिता १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १२६० कलमांची. तिचं ६२१ वं कलम सांगतं की तपासणीची मुदत ठरली असेल तर खरेदीदारानं त्या मुदतीतच दोष कळवला पाहिजे, नाहीतर माल ठीक होता असं धरलं जाईल. विक्रेता एवढंच कलम तुमच्या तोंडावर फेकतो. त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की माल कराराप्रमाणे नाही हे विक्रेत्याला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, तर ही मुदत खरेदीदाराला बांधत नाही. हे तो सांगत नाही. आणि ६२२ वं कलम तर या सॉर्टेक्ससाठीच लिहिल्यासारखं आहे. ठरलेली मुदत इतकी तोकडी असेल की मालाचा प्रकार पाहता पूर्ण तपासणी होऊच शकत नाही, तर ती मुदत फक्त वरवर दिसणाऱ्या दोषांपुरती धरायची. पत्रा चेपला, काच फुटली, याला सात दिवस पुरेसे आहेत. हंगामात पाच-पन्नास क्विंटल धान फिरवल्याशिवाय न कळणारा दोष सात दिवसांत सापडत नाही, हे चीनच्या कायद्याला कळतं. मुदत ठरलीच नसेल तर वाजवी काळात कळवायचं, आणि कमाल मर्यादा माल मिळाल्यापासून दोन वर्षं. हमीची मुदत वेगळी लिहिली असेल तर ती.

आणखी पुढे या. ४९६ वं कलम छापील अटींबद्दल आहे. स्वतःची जबाबदारी कमी करणारी किंवा झटकणारी अट घालणाऱ्या पक्षानं ती दुसऱ्याच्या नजरेस वाजवी रीतीनं आणून दिली पाहिजे. आणली नसेल तर ती अट कराराचा भाग नाही, असं म्हणण्याचा हक्क दुसऱ्याला आहे. छापील अटीचे दोन अर्थ निघत असतील तर अट घालणाऱ्याच्या विरोधातला अर्थ घ्यायचा, हे ४९८. मुद्दाम किंवा घोर हलगर्जीनं केलेल्या नुकसानीची जबाबदारी झटकणारी अट रद्दबातल, हे ५०६. आणि आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या वादासाठी ५९४ वं कलम चार वर्षांची मुदत देतं. आपल्याकडे तीनच वर्षं मिळतात. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय मालविक्री करारात चीन १९८८ पासून आहे, भारत अजून बाहेरच आहे, म्हणून तो करार आपोआप मध्ये येत नाही आणि थेट ही संहिताच लागते. एवढी हत्यारं त्या कायद्यातच पडलेली असताना आमचा गिरणीमालक घरी बसतो, कारण ती आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नाही. "वकीलसाहेब, चीनमंदी कुठला आला कायदा," असं मला ऐकवणाऱ्यांपैकी एकानंही त्या कायद्याचं एक पान पाहिलेलं नव्हतं.

अडचण कलमांत नाही, जागेत आहे. भांडण कुठे चालणार, कुठल्या भाषेत, आणि निकाल लागल्यावर पैसे कुठून निघणार, हे तीन प्रश्न मागच्या पानावर सुटलेले असतात, आणि तुमच्या विरोधात सुटलेले असतात.

काही जण छाती ठोकून सांगतात, मी भंडाऱ्यातच दावा लावतो. लावा. व्यापारी न्यायालयांच्या २०१५ च्या कायद्यात २०१८ साली बदल झाला आणि तीन लाखांपासूनचे व्यापारी वाद त्यात आले. तातडीचा हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थीला जावं लागतं. मग समन्स. चिनी कंपनीला समन्स व्हॉट्सअॅपवर किंवा कुरियरनं पाठवून चालत नाही. १९६५ च्या हेग करारात दोन्ही देश आहेत आणि दोघांनीही टपालानं बजावणी करायला हरकत नोंदवलेली आहे. म्हणून कागद चिनी भाषांतरासह आपल्या विधी मंत्रालयातून तिकडच्या न्याय मंत्रालयाकडे आणि तिथून स्थानिक न्यायालयाकडे जातो. यात किती काळ जातो हे ज्यानं वाट पाहिली आहे त्यालाच विचारा. एवढं करून एकतर्फी हुकूमनामा हातात पडला, तर तो बजावणार कुणावर? विक्रेत्याची भंडाऱ्यात सुतळीसुद्धा नाही. चीनमध्ये परदेशी हुकूमनामा चालवायला दोन देशांमधला करार किंवा परस्परता लागते, आणि आपला त्यांच्याशी तसा करार नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४-अ कलमाखालच्या परस्परता असलेल्या प्रदेशांच्या यादीत हाँगकाँग आहे, सिंगापूर आहे, २०२० पासून संयुक्त अरब अमिरात आहे. चीनची मुख्य भूमी नाही. हे अशिलाला आधी न सांगता कोर्ट फी भरायला लावणारे वकील या जिल्ह्यात आहेत, आणि ते अशिलाला दुसऱ्यांदा लुटत आहेत.

मग विक्रेत्याच्या गावच्या न्यायालयात जायचं? जाता येतं. तिथली न्यायालयं परदेशी माणसाचा दावा ऐकतात, समोरच्याची खाती गोठवतात, आणि पैसे असून न भरणाऱ्या ऋणकोला २०१३ पासून जाहीर यादीत टाकून विमानाचं आणि वेगवान रेल्वेचं तिकीटही मिळू देत नाहीत. अशी वसुलीची ताकद आपल्या दरखास्तीत कधी दिसली नाही, हे मी इथल्या न्यायालयांमध्ये वावरणारा माणूस म्हणून लिहितो आहे. पण तिथे वकील नेमायला मुखत्यारपत्र लागतं आणि ते प्रमाणित करावं लागतं. अपोस्टिल करारातल्या देशांमध्ये यासाठी एक शिक्का पुरतो. भारत त्या करारात २००५ पासून आहे. चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून आला, तेव्हा भारतानं हरकत घेतली आणि या दोन देशांपुरता तो करार लागू झाला नाही. त्यामुळे नोटरी, मग राज्य सरकार, मग परराष्ट्र खातं, मग चिनी वकिलात, अशी जुनीच पायपीट. दिल्लीत बसून ही हरकत घेणाऱ्यांनी तिची किंमत कोण मोजणार याचा विचार केला होता का? ती मोजतो मोहाडीचा गिरणीमालक.

राहिला लवाद, आणि खरा रस्ता तोच. परदेशी लवाद निवाड्यांच्या न्यूयॉर्क करारात भारत १९६० पासून, चीन १९८७ पासून. तरीही चीनमधले निवाडे इथे चालावेत यासाठी लागणारी राजपत्रातली अधिसूचना आपल्या सरकारनं काढली ती मार्च २०१२ मध्ये. पंचवीस वर्षं एक अधिसूचना निघाली नाही! आता ती आहे, हाँगकाँग आणि मकावही तिच्यात आहेत. पण लवादाचं कलम लिहिण्यातही आमचे लोक माती खातात. "वाद लवादाकडे सोपवला जाईल" एवढंच लिहून मोकळे होतात. चीनच्या १९९४ च्या लवाद कायद्यानं संस्थेचं नाव नक्की असण्याची अट घातली. ते नसेल आणि नंतरही दोघांचं जमलं नाही तर कलमच निकामी. दुसऱ्या टोकाला, विक्रेत्यानं बीजिंगच्या सिएटॅक या लवाद संस्थेचं नाव छापलेलं असतं, भाषेबद्दल शब्द नसतो, आणि तिथल्या नियमांप्रमाणे भाषा ठरली नसेल तर सहसा चिनी. एक ओळ जास्त लिहिली असती तर इंग्रजीत काम चाललं असतं. पन्नास लाख युआनपर्यंतचे, म्हणजे साधारण सहा कोटी रुपयांच्या आतले दावे सिएटॅक एकाच लवादापुढे झटपट पद्धतीनं चालवतं. आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेक सौद्यांना हे पुरेसं आहे. याउलट चीननं २०१८ मध्ये शेन्झेन आणि शिआन इथे काढलेल्या आंतरराष्ट्रीय व्यापारी न्यायालयांची भाषणांत फार वाहवा होते. तिथे दाव्याची किमान रक्कम तीस कोटी युआन आहे. आमच्या अख्ख्या तालुक्यातल्या मिल विकल्या तरी तिथलं दार उघडणार नाही.

मोठ्या लोकांना हे सगळं ठाऊक असतं. चीनच्या तीन सरकारी बँकांनी २०१२ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सला साडेब्याण्णव कोटी डॉलर दिले, तेव्हा त्यांनी बीजिंगचं न्यायालय मागितलं नाही आणि मुंबईचंही नाही. त्यांनी इंग्लंडचा कायदा आणि लंडनचं न्यायालय घेतलं, आणि २२ मे २०२० रोजी लंडनच्या उच्च न्यायालयानं अनिल अंबानींना त्यांच्या वैयक्तिक हमीपोटी सुमारे ७१ कोटी ७० लाख डॉलर एकवीस दिवसांत भरायला सांगितलं. शांघाय इलेक्ट्रिकनं रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरविरुद्ध सिंगापूरचा लवाद गाठला आणि डिसेंबर २०२२ मध्ये १४ कोटी ६० लाख डॉलरच्या वर निवाडा मिळवला. चीनच्या सरकारी कंपन्यासुद्धा भांडणाची जागा करारातच निवडून ठेवतात, आणि स्वतःच्या घराबाहेर निवडतात. भंडाऱ्याहून साठ किलोमीटरवर नागपूर मेट्रोचे डबे डालियानच्या सीआरआरसी कारखान्यातून आले. तो करार वाचायला महामेट्रोकडे कायद्याचं अख्खं खातं होतं. त्याच रस्त्यावरच्या राइस मिलसाठी एक माणूस नाही.

आणि न वाचलेल्या व्यवहाराची किंमत नेहमी पैशातच चुकवावी लागते असंही नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या दोन व्यापाऱ्यांना यिवू शहरात स्थानिक विक्रेत्यांनी ओलीस धरलं. ज्या कंपनीसाठी ते काम करत होते तिचा मालक देणी बुडवून पसार झाला होता. त्यांच्या सुटकेसाठी गेलेले शांघाय वाणिज्य दूतावासातले अधिकारी एस. बालचंद्रन मधुमेही होते. तासनतास न्यायालयात अडकून पडल्यावर ते कोसळले. भारतानं आपल्या व्यापाऱ्यांना यिवूपासून दूर राहायला सांगितलं. इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. त्यानंतर यिवूनं काय केलं हे मात्र कुणी सांगत नाही. २०१३ मध्ये त्या शहरानं परदेशी व्यापाऱ्यांच्या तंट्यांसाठी मध्यस्थ समिती काढली आणि तिथे राहणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांनाच मध्यस्थ नेमलं. बदनामी झाल्यावर तिथल्या लोकांनी यंत्रणा उभी केली. आमच्या फसलेल्या सौद्यांनंतर या जिल्ह्यात काय उभं राहिलं?

जिल्हा उद्योग केंद्र निर्यातीची शिबिरं भरवतं. आयातीचा करार कसा वाचायचा यावर तिथे तासाभराचंही मार्गदर्शन माझ्या पाहण्यात आलेलं नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाची कचेरी नागपुरात आहे. विदेश व्यापार धोरणाचं आठवं प्रकरण गुणवत्तेच्या तक्रारी आणि व्यापारी तंट्यांसाठीच आहे, त्यासाठी समितीची तरतूद आहे, आणि परदेशी विक्रेत्याविरुद्ध भारतीय आयातदार तिथे तक्रार देऊ शकतो. ती समिती कुणाला सक्ती करू शकत नाही हे खरं, पण दूतावासामार्फत विक्रेत्यावर दबाव आणायचा सरकारी मार्ग तोच. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणीही तिचं नाव ऐकलेलं नव्हतं. बीजिंगमधल्या भारतीय दूतावासाच्या सूचना आहेत, कंपनी तपासा, खातं तपासा, ईमेलवर अचानक बदललेल्या खात्यात पैसे धाडू नका. त्या मराठीत आणून मिलवाल्यांच्या हातात द्यायला कुठल्याही संघटनेला वेळ मिळालेला नाही. सत्कार समारंभांना मिळतो. आणि बँका? पैसे गेले आणि माल आलाच नाही, तर बिल ऑफ एंट्री कुठे आहे म्हणून त्या आमच्याच माणसाला नोटिसा धाडतात. रक्कम सोडताना मात्र लेटर ऑफ क्रेडिटबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

आंधळगाव-मोहाडीकडचा कोसा विणणारा तर या साखळीच्या अगदी शेवटी उभा आहे. ताण्यासाठी त्याच्याकडे चिनी-कोरियन धागा येतो तो तीन हातांमधून. धागा तुटका निघाला तर त्याच्याकडे कुणाचाच कागद नसतो. वर कुणी करार वाचला नाही, त्याचा भार खाली तो सोसतो.

गलवानच्या चकमकीनंतर चौकाचौकांत चिनी मालावर बहिष्काराच्या घोषणा झाल्या. २०२४-२५ मध्ये भारतानं चीनकडून ११३ अब्ज डॉलरहून जास्त माल घेतला. घोषणा देणाऱ्यांनी मिलमधली, कारखान्यातली, खिशातली यंत्रं फेकली नाहीत, आणि फेकायला मी सांगतही नाही. पण "चिन्यांवर विश्वासच ठेवू नका" असं गरजणारा माणूस शंभर टक्के रक्कम आगाऊ धाडतो, तेव्हा त्याच्या देशभक्तीनं मिलचा एक दाणाही वाचत नाही.

काय करायचं ते सांगायला मला कुणाची परवानगी नको. लवाद हाँगकाँगचा मागा, संस्थेचं पूर्ण नाव घाला, भाषा इंग्रजी लिहा. हाँगकाँग यासाठी की १ ऑक्टोबर २०१९ पासूनच्या व्यवस्थेप्रमाणे तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेपुढे लवाद चालू असतानाच चीनच्या मुख्य भूमीतल्या न्यायालयाकडून विक्रेत्याची खाती गोठवून घेता येतात. सिंगापूरच्या लवादाला ही सोय नाही. पैसे लेटर ऑफ क्रेडिटनं द्या, आणि बँक फक्त कागद बघते, माल बघत नाही, म्हणून त्या कागदांच्या यादीत स्वतंत्र तपासनिसाचा दाखला घालून घ्या. काही रक्कम मशीन नव्या धानावर चालल्यावरच देण्याचं लिहून घ्या. तक्रारीची मुदत हंगामाला धरून लिहा. करारावर कंपनीचा नोंदलेला गोल लाल शिक्का, तिचं चिनी नाव आणि अठरा अंकी नोंदणी क्रमांक मागा. तो क्रमांक तिथल्या सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. यातल्या एकाही गोष्टीला विक्रेता तयार नसेल, तर त्याच्याकडून मशीन घेऊ नका.

आणि ज्यांचं उलट बाजूनं अडकलं आहे, ज्यांनी माल घेऊन उरलेली रक्कम रागानं दाबून ठेवली आहे, त्यांच्यासाठी. बीजिंगहून कुरियरनं आलेलं जाड पाकीट टपालाच्या ढिगात फेकू नका. सिएटॅकच्या नियमांत लवाद निवडायला पंधरा दिवस आहेत आणि झटपट पद्धतीत उत्तर द्यायला वीस. उत्तर दिलं नाही तर तुमच्या वाटणीचं नाव सिएटॅकचे अध्यक्ष ठरवतात, काम तुमच्या पाठीमागे चालतं, आणि निवाडा नागपूर खंडपीठात येतो. त्यासाठी विक्रेत्याला तीन वर्षं आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये वेदांताच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तिथे मशीन खराब होती हे सांगून उपयोग नाही, खंडपीठ गुणदोषात शिरत नाही. मशीन खराब होती हे सांगायची जागा ते पाकीट होती. कपाटात असलं तर आज काढा, पोचपावतीवरची तारीख बघा, आणि चीनचा कायदा जाणणारा वकील मुंबईत किंवा हाँगकाँगमध्ये शोधा. माझ्याकडे आलात तरी मी तुम्हाला तिकडेच पाठवणार आहे.